सिस्टर, आधी कोणाकडे जाल?

रात्रीची ड्यूटी होती. मेडिसिनचा पुरुष वॉर्ड, चाळीस खाटा, आणि खाटांच्या मधे जमिनीवर गाद्या टाकून झोपवलेले आणखी सहा-सात पेशंट. आम्ही दोन सिस्टर आणि एक मावशी. जीएनएम पूर्ण करून मी नुकतीच नोकरीला लागले होते. वॉर्ड आम्ही रोजच्यासारखा वाटून घेतला. खिडकीकडची रांग तिची, भिंतीकडची माझी.

माझ्या रांगेत पहिल्याच खाटेवर एका पुढाऱ्याच्या ओळखीचे गृहस्थ होते. साखर वाढली म्हणून तपासणीला आले होते. स्वतः चालत बाथरूमला जात होते, फोनवर गप्पा मारत होते. त्या रात्री त्यांचं बीपी मी चार वेळा घेतलं, कारण तसा वरून निरोप होता. रांगेच्या टोकाला, संडासाच्या दाराजवळ, बिगारी काम करणारे पन्नाशीचे एक काका होते. ताप-खोकल्याने आलेले. त्यांचं बीपी मी एकदाच घेतलं.

काकांजवळ त्यांची विशीतली मुलगी थांबली होती. पुरुषांच्या वॉर्डात रात्री बाईमाणसाला थांबू देत नाहीत, पण तिच्या घरात दुसरं कोणी नव्हतं. एकच्या सुमारास ती टेबलाजवळ आली.

"सिस्टर, बाबा कसंतरीच बोलतायत. मला आई समजून हाक मारतायत."

"तापात बडबडतात ताई. गोळी दिलीय ना? बसा जरा."

ती बसली. तीन वाजता परत आली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मी धावले. डॉक्टरांना बोलावलं, ऑक्सिजन लावला, हवं ते सगळं केलं. उजाडायच्या आत काका गेले.

ही गोष्ट मी बरीच वर्षं कोणाला सांगितली नाही. आज आपल्या आरोग्याच्या पानावर सांगते आहे, कारण त्या रात्री काय चुकलं ते मला नंतर आकड्यांत समजलं. ते आकडे तुमच्या घरात माहीत असायला हवेत.

गंभीरता मोजता येते

वॉर्डात कोणाकडे आधी जायचं, कोणाकडे किती वेळा जायचं, कोणाजवळ थांबायचं, हे ठरवायला पेशंटची गंभीरता मोजावी लागते. आमच्या इंग्रजी पुस्तकांत याला 'पेशंट ॲक्युइटी' म्हणतात. यात दोन प्रश्न असतात. पहिला, हा माणूस आत्ता धोक्याच्या किती जवळ आहे? दुसरा, याला सांभाळायला सिस्टरचे किती हात आणि किती वेळ लागणार आहे?

दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या आजीचं बीपी, नाडी सगळं ठीक असतं. पण तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नळीने पातळ अन्न द्यायचं, कपडे बदलायचे, म्हणजे काम भरपूर. उलट, तापाचा तरुण मुलगा गुपचूप पडून असतो, काही मागत नाही, आणि आतून झपाट्याने खालावत असतो. खाटा मोजल्या तर हे दोघंही 'एक पेशंट'. आणि फोन करत बसलेला साखरेचा पेशंटही 'एक'च.

पहिल्या प्रश्नासाठी जगभर वापरलं जाणारं एक कोष्टक आहे. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने ते २०१२ साली आणलं आणि २०१७ साली सुधारलं. त्याला थोडक्यात 'न्यूज' म्हणतात. पेशंट बिघडतोय याची बातमी आधी देणारं, असंच समजा. त्यात सहा गोष्टी बघतात आणि प्रत्येकीला ० ते ३ गुण देतात. शाळेत जास्त गुण चांगले, इथे जास्त गुण म्हणजे जास्त धोका.

१. श्वास, मिनिटाला किती: १२ ते २० असेल तर ०. २१ ते २४ असेल तर २. २५ किंवा जास्त असेल तर ३. कमी झाला तरी धोका असतो: ९ ते ११ ला १, आणि ८ किंवा कमी असेल तर ३.

२. बोटाला लावायच्या यंत्रावरची ऑक्सिजनची पातळी: ९६ किंवा जास्त असेल तर ०. ९४-९५ ला १, ९२-९३ ला २, ९१ किंवा कमी असेल तर ३. ऑक्सिजन लावलेला असेल तर आणखी २ गुण.

३. वरचं बीपी: १११ ते २१९ असेल तर ०. १०१ ते ११० ला १, ९१ ते १०० ला २, ९० किंवा कमी असेल तर ३. २२० किंवा जास्त असेल तरीही ३.

४. नाडी: ५१ ते ९० असेल तर ०. ९१ ते ११० ला १, १११ ते १३० ला २, १३१ किंवा जास्त असेल तर ३. ४१ ते ५० ला १, ४० किंवा कमी असेल तर ३.

५. शुद्ध: पूर्ण जागा आणि नेहमीसारखा असेल तर ०. नव्याने गोंधळलेला, फक्त हाकेला किंवा चिमट्याला प्रतिसाद देणारा, किंवा बेशुद्ध असेल तर सरळ ३.

६. ताप: साधारण ९७ ते १००.४ फॅरनहाइट असेल तर ०. त्यापुढे १०२ पर्यंत १. १०२ च्या वर गेला तर २. अंग गार पडून ९५ किंवा त्याखाली आला तर ३.

मग बेरीज करायची. बेरीज ० असेल तर बारा तासांनी पुन्हा बघितलं तरी चालतं. १ ते ४ असेल तर चार ते सहा तासांनी. ५ किंवा ६ असेल, किंवा एकाच गोष्टीत ३ गुण पडले असतील, तर निदान दर तासाला बघायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. ७ किंवा जास्त असेल तर तातडी. अनुभवी डॉक्टर लगेच हवा आणि पेशंटवर सतत नजर हवी.

त्या रात्रीची बेरीज

काकांचे रात्री दहाचे आकडे मला आजही पाठ आहेत. नाडी ११६, म्हणजे २ गुण. वरचं बीपी १०८, म्हणजे १. ताप १०१, म्हणजे १. झाले ४. बोटाचं यंत्र वॉर्डात एकच होतं आणि ते पहिल्या खाटेजवळ होतं.

श्वासाच्या रकान्यात मी २० लिहिले होते. तो श्वास मी मोजला नव्हता. त्या पानावर सगळ्यांचाच श्वास २० होता. हे फक्त माझंच पाप नाही. नाडी आणि बीपीला यंत्र आहे, श्वासाला मिनिटभर उभं राहून छाती बघावी लागते, म्हणून घाईत तो रकाना अंदाजाने भरला जातो. आणि पेशंट बिघडायला लागला की बहुतेक वेळा सगळ्यात आधी श्वासच वाढतो.

आता एक वाजता मुलगी काय म्हणाली ते आठवा. बाबा मला आई समजतायत. हा नव्याने आलेला गोंधळ आहे. कोष्टकात त्याला एकट्याला ३ गुण आहेत. ४ आणि ३ मिळून ७. श्वास न मोजता, यंत्र न लावता, त्या मुलीच्या एका वाक्याने काका तातडीच्या रकान्यात गेले होते. मी ते वाक्य बडबड समजून सोडून दिलं.

तेव्हा हे कोष्टक आलेलं नव्हतं, असं मी म्हणू शकते. पण नाडी, बीपी, श्वास मला कॉलेजात शिकवलेले होते. माझ्या हाताशी क्रम नव्हता. क्रम ठरवला तो फोनने आणि खाटेच्या जागेने.

काका लवकर उपचार मिळून वाचले असते का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यांना दोन तास आधी ऑक्सिजन आणि डॉक्टर मिळाले असते, एवढं नक्की सांगू शकते.

वॉर्ड रांगेने वाटू नये

पुढे दुसऱ्या एका दवाखान्यात आमच्या इन्चार्ज सिस्टरनी एक साधी पद्धत सुरू केली. ड्यूटी बदलताना रजिस्टरात प्रत्येक नावापुढे १ ते ४ आकडा टाकायचा. स्वतः चालणारा, जेवणारा, फक्त गोळ्या घेणारा तो १. सलाईन-इंजेक्शनवाला, उठायला हात लागणारा तो २. अंथरुणाला खिळलेला, नळीने अन्न, लघवीची पिशवी असलेला तो ३. ऑक्सिजनवर किंवा बीपी उतरलेला, तासातासाला बघावा लागणारा तो ४.

मग नावं न वाटता आकडे वाटायचे. एकीकडे सहाच पेशंट येत, पण त्यातले चार ४ आकड्याचे. दुसरीकडे पंधरा येत, पण बहुतेक १ चे. पहिल्या आठवड्यात कुरबुर झाली. नंतर सगळ्यांना पटलं. ४ आकड्याच्या पेशंटला टेबलासमोरची खाट द्यायची, हाही नियम झाला. संडासाजवळच्या खाटेवर चालता-फिरता माणूस.

त्यांनी आणखी एक केलं. ज्याच्याजवळ कोणी नातेवाईक नाही त्याचा आकडा एकाने वाढवायचा. आपल्याकडे पेशंटला भरवणं, कुशीवर वळवणं, रक्त तपासणीला पोचवणं, औषध आणणं ही कामं घरचे करतात. एकटा आलेला, रस्त्यावरून आणलेला, मुलं परगावी असलेला म्हातारा यांची ही कामं कोणाच्याच हिशोबात नसतात.

रजिस्टरातल्या या आकड्यांचा वरिष्ठांशी बोलताना उपयोग झाला. 'सिस्टर कमी पडतात' हे वाक्य साहेब रोज ऐकतात. 'काल रात्री ४ आकड्याचे नऊ पेशंट होते आणि आम्ही दोघी होतो' हे लिहून दिलं की उत्तर द्यावं लागतं. आम्हाला त्यावर रात्रपाळीला एक सिस्टर वाढवून मिळाली. एकच, पण मिळाली.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांनुसार मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स हवी, इतर रुग्णालयांत पाचामागे एक, आयसीयूत एकामागे एक. सरकारी वॉर्डात रात्री गेलेल्या कोणालाही विचारा, तिथे किती दिसल्या. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात नर्सेसच्या संघटनांनी झगडून १९९९ साली कायदा करून घेतला. तो २००४ पासून लागू झाला. तिथे आता साध्या वॉर्डात एका नर्सकडे पाचापेक्षा जास्त पेशंट देता येत नाहीत. आणि पेशंटची गंभीरता जास्त असेल तर त्याहून जास्त नर्स लावणं रुग्णालयावर बंधनकारक आहे.

हा प्रश्न फक्त नर्सच्या दमण्याचा नाही. लिंडा एकेन यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. म्हणून नर्सेस भरतीसाठी आंदोलनाला बसतात तेव्हा तो तुमच्या घरच्या पेशंटचाही प्रश्न असतो.

ज्याला गरज, तो आधी

नेपोलियनच्या सैन्यात डॉमिनिक लॅरी नावाचे सर्जन होते. जखमींमध्ये हुद्दा न बघता जखम बघायची, जास्त घायाळ तो आधी, असा त्यांचा नियम होता. आजच्या कॅज्युअल्टीतली पेशंट निवडण्याची पद्धत तिथून आली असं मानतात.

आपल्याला याहून जुनी गोष्ट ठाऊक आहे. विनयपिटकात अतिसाराने आजारी पडलेल्या भिक्खूची कथा येते. तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. मग त्यांनी इतर भिक्खूंना विचारलं, तुम्ही याची सेवा का केली नाही? उत्तर मिळालं, हा कोणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला माझा वॉर्ड दिसला. पहिल्या खाटेवरचा माणूस उपयोगी होता. संडासाजवळचे काका कोणाच्याच उपयोगी नव्हते.

पेशंटजवळ थांबताना

घरच्या माणसाजवळ दवाखान्यात थांबाल तेव्हा एवढं करा.

श्वास मोजायला शिका. घड्याळ किंवा मोबाईल समोर धरा. पेशंट शांत पडलेला असताना छाती किंवा पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. 'श्वास मोजतोय' असं त्याला सांगू नका, सांगितलं की माणूस वेगळा श्वास घेतो. २१ च्या पुढे गेला तर सिस्टरना सांगा. २५ च्या पुढे गेला तर लगेच सांगा.

बोलण्यातला बदल पकडा. तुमचा माणूस नेहमी कसा बोलतो हे सिस्टरना माहीत नसतं, डॉक्टरांना तर नसतंच. ते फक्त तुम्हाला माहीत असतं. दिवस-रात्र कळेना, माणसं ओळखेना, वाक्य अर्धवट सुटतंय, उगाच गुंगीत जातोय, हे दिसलं की सकाळच्या राउंडची वाट बघू नका.

आकड्यांत सांगा. 'लवकर चला, काहीतरी होतंय' म्हणण्यापेक्षा असं म्हणा: "सिस्टर, वीस नंबरच्या खाटेवर माझे वडील आहेत. मी मिनिटभर मोजलं, श्वास २८ आहे. अर्ध्या तासापासून ते मला ओळखत नाहीत. काल असं नव्हतं. एकदा येऊन बघा." अशा वाक्याला बसवून ठेवणं अवघड जातं.

वहीत वेळ लिहा. किती वाजता सांगितलं, कोणाला सांगितलं, काय केलं. भांडायला नव्हे, पुढच्या पाळीला नीट सांगायला.

ऐकलं नाही तर पायरी चढा. आधी सिस्टर, मग इन्चार्ज सिस्टर, मग वॉर्डातले ड्यूटीवरचे डॉक्टर, मग कॅज्युअल्टीतले वैद्यकीय अधिकारी. आवाज चढवू नका, हात तर उगारूच नका. दोन सिस्टरपैकी एक रडत बसली की वॉर्डाला एकच उरते.

केसपेपर आणि चार्ट मागता येतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेनुसार भरती असताना २४ तासांत आणि डिस्चार्जनंतर ७२ तासांत कागदपत्रांची प्रत मिळायला हवी. महाराष्ट्रात खासगी दवाखान्यांनी रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे, असे २०२१ चे नियम आहेत. दिसली नाही तर विचारा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे कोष्टक १६ वर्षांखालच्या मुलांसाठी आणि गरोदर बाईसाठी नाही, त्यांचे आकडे वेगळे असतात. जुन्या दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या काही पेशंटची ऑक्सिजनची पातळी मुळातच कमी असते, त्यांचं डॉक्टरांना विचारून घ्या. आणि बेरीज कमी आली, पण माणूस बघून तुमचं मन खात असेल, तर तरीही सांगा. चांगली सिस्टर आकडा आणि नजर दोन्ही वापरते.

घरच्या माणसाचं ऐकायचं, हा आता काही देशांत रुग्णालयाचा नियम झाला आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात २०१३ पासून आणि इंग्लंडमध्ये २०२४ पासून अशी सोय आहे की पेशंट बिघडतोय आणि वॉर्ड ऐकत नाही असं वाटलं, तर नातेवाईक दुसऱ्या पथकाकडून तपासणी मागू शकतात. दोन्हीकडे आई-वडील सांगत होते, ऐकलं गेलं नाही, आणि मूल गेलं. त्यानंतर हे नियम आले. आपल्याकडे असा नियम मागायला हरकत नाही. तोवर आपल्याला नीट मोजून, नीट सांगायचं आहे.

मी आता नोकरी करत नाही. वस्त्यांमधून फिरते. रविवारी विहारात वंदना झाली की दहा मिनिटं मागते. बायकांच्या जोड्या लावते, एकीने आडवं व्हायचं, दुसरीने मिनिटभर श्वास मोजायचा. पहिल्यांदा हसू येतं, दुसऱ्यांदा सगळ्यांचे आकडे जुळतात. दहावीच्या मुली तर सहाही रकाने कागदावर लिहून घेतात. तुमच्या विहारातही हे करता येईल. त्यासाठी सेकंदाचा काटा असलेलं एक घड्याळ लागतं. वस्तीत एखादी सिस्टर किंवा आशाताई राहत असेल तर तिला बोलवा.

त्या रात्री मुलीने पहिल्यांदा हाक मारली तेव्हा एक वाजला होता. तिला हे आकडे माहीत असते तर तिने मला बसू दिलं नसतं, आणि मला ते हवं होतं.